शालनबाई वर बघत नसत

"पायताण बरुबर हाय. डाव्या अंगठ्याचं नख तेवढं काळं करा."

शालनबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच. नमस्कार नाही, नाव नाही, गाव नाही. सांगलीतल्या आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत एक तिशीची बाई भर दुपारी येऊन उभी राहिली, पदर भुवयांपर्यंत ओढलेला. हातात आमचाच अंक होता, चार घड्या घातलेला. तो माझ्या टेबलावर पसरला, चित्रातल्या पायावर बोट ठेवलं आणि हुकूम सोडला. मी चित्रकार असलो तरी माणूसच, मला राग आला. म्हटलं, "बाई, चित्र मी काढतो ना?"

"व्हय. म्हून तर तुमाला सांगतीया."

मग म्हणाल्या, "तुमी त्येला बगितलंय का?"

"कुणाला?"

"ह्येला." बोट अजून त्या पायावरच.

हे नव्वदीच्या सुरुवातीचं सांगतोय. आमचं साप्ताहिक म्हणजे मालक, मी आणि एक कपाट. मालकांना सगळे अण्णा म्हणत. शेवटच्या पानावर मी एक चित्रकथा चालवायचो, नाव 'पाहुणा'. एक माणूस गावोगाव फिरतो, पाहुणा म्हणून ओसरीवर बसतो, नात्यातल्या कुणाचा तरी निरोप सांगतो आणि घरातली बाई सोबत घेऊन जातो. ती बाई मग सापडते, पण जिवंत नाही. काही वर्षांपूर्वी सातारा बाजूला असं काही झालं होतं, त्याचं एक जुनं कात्रण अण्णांना कपाटात मिळालं होतं. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं. खुन्याचे मी फक्त पाय दाखवायचो. कोल्हापुरी पायताण, धोतराचा काठ, पुढे उंबरा, बस्स. यात कला वगैरे काही नव्हती. "तोंड दाखवलंस की मालिका संपली," असं अण्णांनी बजावलं होतं म्हणून.

मी बाईंना म्हटलं, "नाही हो, मनातनं काढतो मी."

"बरं," म्हणाल्या आणि हलल्या मात्र नाहीत. तेवढ्यात अण्णा आतून माझ्या अक्षराला शिव्या घालत बाहेर आले. चित्रकथेतले संवाद तेव्हा फुग्यात हातानंच लिहायचे, आणि माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून पळालेली कोंबडी. बाई खाली बघूनच म्हणाल्या, "माजं अक्षर चांगलं हाय. सातवी झालीया. मालक मिल्ट्रीत हायती, त्येंस्नी दर आठवड्याला कागद लिवती." अण्णांनी कागद पुढे केला. त्यांनी लिहिलं. अण्णा कागदाकडे बघतच राहिले. दुसऱ्या दिवसापासून शालनबाई कामावर यायला लागल्या, आणि पुढच्या अंकात नख काळं झालं.

राहायला भावाकडे होत्या, गावभागात. सासर उंब्रजजवळच्या एका वस्तीवर, ऊसवालं घर. तिथे का राहत नाही हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. घरच्यासारखं माणूस म्हणत म्हणत आपण एकमेकांना काय विचारत नाही, याची यादी केली तर लाज वाटेल.

बाईंची एक गंमत आमच्या लवकरच लक्षात आली. गंमत कसली म्हणा, पण तेव्हा आम्हाला गंमतच वाटायची. त्या कुणाच्याही तोंडाकडे बघत नसत. माणूस ओळखायच्या तो पायांवरून. पोस्टमन उंबऱ्यात आला की मान वर न करता, "अण्णा, टपाल आलं." दिवाळीला अण्णांनी नवे बूट घेतले आणि ऐटीत आत आले, तर बाई उभ्या राहून म्हणाल्या, "कोन पायजे? अण्णा भायेर गेल्यात." अण्णा समोरच उभे. मी हसून हसून शाई सांडली. अण्णा म्हणाले, "अहो मीच की!" तर बाई शांतपणे, "मग सांगून घालायचं न्हवं का."

मला एकदा म्हणाल्या, "पेंटर, टाच चावली काय बुटानं? तिरकं चालताय." माझ्या बायकोच्याही ध्यानात आलं नव्हतं ते. मला त्याचं बरं वाटायचं का? खोटं कशाला बोलू, वाटायचं. आपल्याकडे कुणी एवढं बारीक बघतंय म्हटल्यावर कुणालाही वाटेल. फक्त ते बघणं घोट्याच्या वर येत नसे.

आल्यागेल्याला पाणी द्यायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. पण तांब्या-भांडं कुणाच्या हातात देत नसत. समोर फरशीवर ठेवायच्या, दोन पावलं मागे सरायच्या आणि पाय बघत उभ्या राहायच्या. पाणी पिऊन होईपर्यंत. काही लोकांना ते चमत्कारिक वाटायचं. एक जाहिरातवाला तर अण्णांना म्हणाला, "तुमची बाई माझ्या चपलांवर डोळा ठेवून आहे." तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "न्हाई. नखं सोच्छ हुती त्येची." आम्हाला काही कळलं नाही. आम्ही चहा मागवला.

कामात मात्र कडक. एका भागात मी पडलेल्या बाईचं चित्र काढलं होतं, हातातलं गाठोडं बाजूला उडालेलं, भाकरी विखुरलेल्या. मला ते फार जमलंय असं वाटत होतं. शालनबाईंनी बघितलं आणि निब खाली ठेवली.

"गठुडं सुटत न्हाई, पेंटर. धरून ऱ्हात्यात."

"मेल्यावर?"

"व्हय. बोटं उकलावी लागत्यात."

आवाज असा, की भाकरीत मीठ कमी आहे म्हणून सांगतायत. मी गाठोडं पुन्हा मुठीत काढलं.

दुसऱ्यांदा तर माझ्याशी भांडल्याच. चित्रात पाटाच्या कडेला बाई ओरडते, तोंडातून हा मोठा फुगा, त्यात लिहायचं होतं 'वाचवा!' बाईंनी सगळे फुगे भरले, तो एक कोरा ठेवला. म्हटलं, "हा राहिला." म्हणाल्या, "वरडत न्हाईत." म्हटलं, "शालनबाई, खून होतोय तिचा!" तर म्हणाल्या, "आमच्या घरापासनं पाट हाकंच्या अंतरावर हाय. मी आंगनात हुती. मला काय बी ऐकू आलं न्हाई."

एवढं बोलून त्या पुढचं पान घेऊन बसल्या. तेव्हा मला कळायला हवं होतं. नाही कळलं, की कळून घ्यायचं नव्हतं, आता सांगता येत नाही. फुगा तसाच कोरा छापला गेला. वाचकांची पत्रं आली, काय कल्पना आहे, काय कल्पना आहे. माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलं.

दीड वर्षानं मालिकेचा जीव संपला. लोकांना चेहरा हवा होता. "किती दिवस पाय दाखवणार, तुमच्या चित्रकाराला मुंडकं येत नाही का," असं जतहून एकानं लिहिलं. अण्णा म्हणाले, "तीन अंकांनी संपव. शेवटी चेहरा दाखव, मोठा, पाऊण पान." मी कामाला लागलो. दाट भुवया, गालावर व्रण, तांबारलेले डोळे, नेहमीचा माल. शालनबाईंच्या पुढे ठेवला. त्यांनी तो बघितला. आणि माझ्या लक्षात आलं, की बाई चित्रातल्या चेहऱ्याकडे सरळ बघतायत. चित्राचं त्यांना वावडं नव्हतं.

बराच वेळ बघून म्हणाल्या, "पेंटर, पायावरनं मानूस काडता येतो का?"

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितलं. निब पुसत पुसत सांगितलं, एका दमात, मधे दोनदा शाईची दौत सरळ केली.

त्यांचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. पहिल्याच महिन्यात घरी पाहुणे आले, यांनी चहा देताना वर बघितलं, तर सासूनं सगळ्यांदेखत सुनावलं, पावण्याच्या तोंडाकडं बघायची रीत हाय का तुमच्याकडं? तेव्हापासून ओसरीवर पुरुषमाणूस असला की यांची नजर जमिनीवर. एका दुपारी एक पाहुणा आला. घरची सगळी उसात. घरात शालनबाई आणि नणंद कुसुम, सतरा वर्षांची. पाहुणा म्हणाला, म्हसवडहून आलोय, तुमची आत्या लई आजारी हाय, कुसुमला बघायचं म्हणती. आत्या म्हसवडलाच होती, नावही त्यानं बरोबर सांगितलं. यांनी पाणी दिलं, चहा दिला. कुसुमच्या चपलेचा अंगठा तुटला होता म्हणून स्वतःची चप्पल दिली. वाटेत भूक लागेल म्हणून भाकरी बांधून दिल्या.

"मीच बांदून दिल्या," म्हणाल्या. "गाट बी मीच मारली. नीट मारली हुती."

कुसुम चौथ्या दिवशी पाटात सापडली. पोलिसांनी विचारलं, दिसायला कसा होता? यांनी सांगितलं, कोल्हापुरी पायताण, डाव्या अंगठ्याचं नख काळं, टाचेला भेगा. पोलीस म्हणाले, आणि तोंड? सासू म्हणाली, "भवाने, घरात आलेल्या मानसाचं तोंड बगितलं न्हाईस?" तीच सासू.

त्यानंतर आसपास आणखी दोघी गेल्या, तशाच. मग पोलिसांनी सातआठ जण उचलले आणि ओळख पटवायला यांना बोलावलं. सोबत सासरे. सासऱ्यांसमोर पदर वर करायचा कसा? ह्या त्या रांगेपुढून पाय बघत गेल्या. सगळे अनवाणी उभे केलेले. दोघांची नखं काळी होती. साहेब ओरडला, "वर बघा, बाई!" सासरे शेजारी खाकरले. यांनी वर बघितल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, न्हाई सांगता येत.

सगळे सुटले. महिन्यानं ज्वारीच्या रानात चौथी बाई सापडली. मग ते थांबलं. का थांबलं, कुणालाच माहीत नाही. आणि सासरच्यांनी यांना माहेरी आणून सोडलं.

"तुमचा अंक भावानं आनला," शालनबाई म्हणाल्या. "पाय बगितलं, मला वाटलं, काडनाऱ्यानं त्येला बगितला असंल. म्हून आली."

अण्णा दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं होतं. ते चष्मा काढून बाहेर निघून गेले.

"सपनात येतोय त्यो," बाई म्हणाल्या. "पाय दिसत्यात. मी मान वर करती, वर करती, आन् तितं काय बी नसतंय. तोंड असतं तर शिव्या तरी दिल्या असत्या. कुनाला द्यायच्या? म्हून स्वताला देती. तेवडं एक तोंड काडून द्या, पेंटर."

रडल्या नाहीत. मीही नाही. त्या दिवशी मला काहीच वाटलं नाही, हे मी खरं सांगतो. मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी चेहरे काढायला लागलो. त्यांनी पाय सांगायचे, आवाज सांगायचा, "जरा घोगरा हुता, पर गोड बोलला", आणि मी वर माणूस चढवायचा. दाढीवाले, चकणे, देवीचे वण असलेले, गुंड, मांत्रिक. बाई एकेक कागद हातात घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, "असंल." म्हणजे नाही. दहा झाले, वीस झाले. माझ्याजवळचे बदमाश संपले. मग मी पोस्टमन काढला, अण्णा काढले, वारलेले वडीलसुद्धा काढले, देवा मला माफ कर. सगळ्यांना, "असंल." अंक तर आला डोक्यावर. शेवटच्या दिवशी काही सुचेना. आमच्या मोरीत भिंतीला एक आरसा होता, चित्रकार अडला की आरशात बघून नाक-डोळे काढतो, आमची सवयच असते ती. मी जाऊन उभा राहिलो आणि जे दिसलं ते काढलं. गुळगुळीत दाढी केलेला, भांग पाडलेला, कारकुनासारखा एक माणूस. इतर चार कागदांत तो घातला आणि दिले.

शालनबाई त्याच्यावर थांबल्या.

"ह्यो," म्हणाल्या.

म्हटलं, "नक्की?"

"नक्की कसं असंल? पर ह्यो पटतोय. वंगाळ दिसत न्हाई. पेंटर, तुमी समदी वंगाळ तोंडं काडत हुता. वंगाळ दिसला असता तर कुसुम गेली असती व्हय त्येच्यासंगं? आन् मी भाकरी दिल्या असत्या?"

मी त्यांच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. तेच तोंड घेऊन. त्यांनी मान वर केली असती तर त्याच क्षणी कळलं असतं. त्यांनी कागद उजेडात धरला, त्याच्याकडे बघून आधी हळू, मग मोठ्यानं शिव्या घातल्या. अस्सल उंब्रजच्या शिव्या, मी इथे लिहू शकत नाही अशा. आणि मी समोर बसून त्या सगळ्या ऐकल्या.

"हाच छापा," म्हणाल्या.

छापला. अण्णांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता पान पुढे पाठवलं. चेहऱ्याखालची ओळ शालनबाईंनीच लिहिली, इतकं सुंदर अक्षर मी त्यांचंही आधी बघितलं नव्हतं. अंक बाहेर पडल्यावर आमच्या गल्लीत नुसता दंगा. न्हावी म्हणाला, "काय पेंटर, फुकटचं मॉडेल वापरलं वाटतं!" आई तर दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "मेल्या, दुसरं कुणाचं थोबाड मिळालं नाही तुला?"

सोमवारी शालनबाई आल्या आणि बसायच्या आधी म्हणाल्या, "तीन रात्री झोप लागली, पेंटर. पाच वर्सांनी." ते पान त्यांनी कापून पिशवीत ठेवलं होतं.

आता सांगा, मी काय सांगायला हवं होतं? की बाई, तो मी आहे, तुमची झोप परत द्या? मी दाढी वाढवली. तेवढंच सुचलं. लोकांना सांगितलं नवस आहे. कसला नवस म्हणून विचारलं की ज्योतिबाचा म्हणायचो, बायको देवाधर्माची, ती तर खूशच झाली. मला मात्र रोज बाईंच्या समोर बसताना भीती वाटायची, स्पष्ट सांगतो, खुनी असल्यासारखी भीती.

कारण बाई बदलत होत्या. तोंड मिळाल्यावर त्यांचं अडलेलं सुटलं होतं. आधी पदर भुवईवरून केसांवर गेला. मग एक दिवस पोस्टमनला म्हणाल्या, "आवं, तुमाला मिशी हाय व्हय!" अण्णांना बघून म्हणाल्या, "मला वाटलं हुतं तुमी जाडं असाल." अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी जिलबी मागवली. माझी पाळी कधी येणार म्हणून मी टेबलावर वाकून काम करायचो, कागदाला नाक लागेपर्यंत. बाई आपणहून कधी वाकून बघत नसत. मला वाटायचं, सुटलो.

पुढच्या वर्षी त्यांचे मालक पेन्शनीत आले. साताऱ्यात कुठेसं राखणदाराचं काम धरलं, दोन खोल्या घेतल्या, आणि आईबापाकडे न जाता थेट सांगलीला बायकोला न्यायला आले. उंच, सावळा, कमी बोलणारा गडी. इतकी वर्षं दर आठवड्याला कागदाला उत्तर लिहिणारा. सासूनं घातलेला दोष त्यानं एकाही पत्रात घातला नव्हता, हे बाईंनीच मला सांगितलं.

मी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी फलाटाला लागली होती. मालक ट्रंक टपावर चढवत होते. मी जरा लांबच होतो, खांबाच्या आडोशाला, निघायच्या बेतात. तर शालनबाई माझ्या चपलांचा माग काढत बरोबर समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पेंटर, तीन वर्सं एका टेबलाला बसलो. तुमचं तोंड कवा बगितलं न्हाई. सगळ्यांची बगितली. तुमचं म्हटलं शेवटाला बगायचं. तुमच्यामुळं तर मान वर झाली."

आणि त्यांनी मान वर केली.

बघत राहिल्या. कपाळ बघितलं, डोळे बघितले, नाक. मला हलता येईना. दाढीवर नजर आली आणि तिथे थांबली, मग परत डोळ्यांवर गेली. कंडक्टरनं घंटी मारली. मालक हाक मारत होते, "शालन, चल की गं." मी म्हणणार होतो, बाई, मी सांगणार होतो.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्याच आवाजात, "दाडी काडू नगा, पेंटर. कवाच काडू नगा."

वळल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्या, पदर केसांवर होता, मान सरळ होती. गाडी फिरली तेव्हा त्या समोर बघत होत्या.

दाढी आता पांढरी झाली आहे. मी काढलेली नाही.